दावीदापर्यंत

पावलस मिस्त्रीचा हातोडा चुकून स्वतःच्याच अंगठ्यावर बसला की मिरकरवाडा बंदरातलं निम्मं काम थांबायचं. जाळी विणणारे सुई हवेत धरून थांबायचे, बर्फ फोडणारे थांबायचे, आणि माझा तर विश्वास आहे की भरतीसुद्धा घटकाभर दाराशी खोळंबायची. मिस्त्री अंगठा काखेत दाबायचा. मान फुगायची, कपाळावरची शीर सुतळीएवढी व्हायची, तोंड उघडायचं. आणि ज्या स्वरात माणूस दुसऱ्याच्या सात पिढ्या काढतो, त्या स्वरात तो बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायला लागायचा. ते स्तोत्र किती शांत! हिरवी कुरणं काय, संथ पाणी काय! पण मिस्त्रीच्या तोंडून ऐकलं की त्या मेंढरांची काळजी वाटायची.

मी त्याचा शेजारी. माझं दोर, जाळी, ग्रीस आणि इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान, त्याचं बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप, आणि मध्ये एक गंजका पत्रा. माझ्याकडे गिऱ्हाईक चार खिळे घ्यायला यायचं आणि पत्र्यापलीकडून यशया संदेष्ट्याचा निम्मा अध्याय ऐकून जायचं. या माणसाने मला किती छळलं हे मी कोणाला सांगितलं तर लोक म्हणतात, "अहो, देवाचंच नाव घेत होता ना?" तुम्ही पत्र्याच्या अलीकडे बसला असतात तर असं म्हणाला नसतात.

कारण मी त्याचा आधीचा काळ पाहिलेला आहे.

पावलसचा आजोबा सखाराम भिंगारे नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रत्नागिरीत आला आणि इथल्या माशांची चव लागल्यावर परत गेला नाही. वडील लूकस सरळ, मितभाषी. पावलसच्या वेळेला मात्र घराण्याने राखून ठेवलेले सगळे शब्द एकदम बाहेर पडले. रविवारी कडक इस्त्रीचा सदरा घालून तो चर्चमध्ये दोन तास तोंड मिटून बसायचा आणि त्याची भरपाई सोमवारपासून करायचा. त्याच्यासारखा शिव्या देणारा माणूस मांडवीपासून जयगडपर्यंत नव्हता. एकदा त्याने कोरड्या नळाला अशी काही घातली की दुपारचं पाणी सकाळी आलं. एकदा माडाखाली उभा राहून तो एका बर्फवाल्याशी बोलत होता, तर कोवळे नारळ वेळेआधी खाली आले. हे मी शपथेवर सांगत नाही, पण सांगतो.

आणि या शिव्यांवर त्याचा धंदा चालायचा. हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. डिझेलच्या नळीत हवा धरली की बोटीचं इंजिन चालू होत नाही. मग एक स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. हवा बुडबुडे काढत निघून जाते. निव्वळ डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा आणि हँडल फिरवायचं. बाकीचे मिस्त्री वाकून बुडबुडे बघत बसतात. पावलस बघायचा नाही. त्याच्याकडे एक लांबलचक शिवी होती. ती इंजिनाच्या आईपासून निघायची, ते बनवणाऱ्याच्या घरी जायची, तिथून विकणाऱ्याकडे, आणि वाटेत भेटेल त्याला घेत डिझेलच्या टाकीशी येऊन थांबायची. शेवटच्या शब्दाला तो स्क्रू आवळायचा. इंजिन चालू! हवा निघायला जेवढा वेळ लागतो, शिवी बरोबर तेवढ्याच मापाची झाली होती.

पण तांडेलांना, म्हणजे बोटींच्या कप्तानांना, हे कुठे ठाऊक? त्यांची पक्की समजूत, की इंजिन शिवीनेच चालू होतं. नाटे गावचा महादू तांडेल तर इंजिन धडधाकट असलं तरी हंगामाच्या सुरुवातीला बोट घेऊन यायचा. "मिस्तरी, नारळ आमी दर्याला दिला, आता तुमी तुमचा प्रसाद द्या," म्हणायचा. मिस्त्री द्यायचा. खलाशी हात जोडून ऐकायचे.

तर अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात, बोटी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या असताना, मिस्त्री असंच एक इंजिन तपासत होता. लांब शिवी अर्ध्यावर आली होती. तेवढ्यात त्याचा मुलगा शिमोन आला. विशीतला, बापासारखाच खांद्यांनी रुंद, पण आजोबासारखा कमी बोलणारा. वर्कशॉप हाच चालवणार हे मिस्त्रीने त्याच्या बारशालाच ठरवलेलं. शिमोन म्हणाला, "बाबा, मला जहाजावर नोकरी लागली. परवा निघतोय."

मिस्त्रीने वर पाहिलं, पण शिवी थांबली नाही. निम्मी इंजिनावर पडली होती, उरलेली निम्मी मुलावर पडली. आख्ख्या धक्क्यासमोर. त्याच्या जन्मावर पडली, नशिबावर पडली, परत तोंड दाखवण्यावर पडली. मी पत्र्याला कान लावून होतो, म्हणजे होतो कसला, तिथे कान न लावताही नाट्यापर्यंत ऐकू गेलं असेल. हे सगळं संपल्यावर शिमोनने पान्याला लागलेलं ग्रीस पुसलं, पाना जागेवर ठेवला आणि म्हणाला,

"मी इंजिन नाय, बाबा."

आणि गेला. परवा नाही, त्याच संध्याकाळी.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रभू येशूच्या रानातल्या परीक्षेवर उपदेश केला. त्यात मिस्त्रीचं नाव नव्हतं, मिस्त्रीचा उल्लेख नव्हता, पण मिस्त्री घरी आला तो ताटावर न बसता थेट माझ्याकडे आला.

"बंडू," तो म्हणाला, "चाळीस दिवस उपाशी माणूस. समोर सैतान उभा. दगडाच्या भाकऱ्या कर म्हणतो, देवळाच्या शिखरावरून उडी मार म्हणतो, पाया पड तर सगळं जग देतो म्हणतो. मी असतो तर काय घातली असती रे त्याला!"

"पेटती घातली असतीस."

"प्रभूने एकपण नाय घातली. तीन वेळा तो आला, तीन वेळा एकच उत्तर, 'असं लिहिलेलं आहे.' लिहिलेलं सांगितलं, बस्स. सैतान गेला निघून. आणि मी, दुपारचं भरपेट जेवून बसलेला माणूस, मला एका नटावरून शिवी सुचते. पोटच्या पोरावर सुचते." त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला. "मोह बाहेरून येत नाय रे. तो इथे घशात बिऱ्हाड करून असतो. भाडंपण देत नाय मेला. आता याला खाली करायचा."

"किती दिवस?"

"शिमोन घरी येईपर्यंत तरी एक शब्द बाहेर नाय पडणार. आणि तो आल्यावर तर नायच नाय."

मला वाटलं, आठवडा टिकेल. मला काय माहीत, पुढची कित्येक वर्षं माझ्या नशिबी काय लिहून ठेवलंय!

शिवीच्या जागी म्हणायला त्याला बायबलातली वचनं फारशी पाठ नव्हती. चर्चमधल्या मार्थाबाईंचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, दांडगा अभ्यास. त्या रोज रात्री त्याला एक वचन द्यायच्या, जसं पोराला शाळेत जाताना डबा द्यावा. दुसऱ्या दिवशी तो ते घेऊन यायचा आणि पहिला नट घसरला की माझ्या कानांवर सोडायचा. थोड्याच दिवसांत बंदरावर सगळ्यांना त्याचं कोष्टक कळलं. पाना घसरला तर एक ओळ. बोट चेमटलं तर मेंढपाळ. भलत्या मापाचा पिस्टन आला तर आख्खं ओरडणारं स्तोत्र, ज्यात शत्रूंचे दात पाडायची विनंती आहे. ते तो फार मनापासून म्हणायचा. आणि एकदा कोणा नगाने डिझेलच्या टाकीत पाणी घातलं, तेव्हा त्याने बायबलातलं सगळ्यांत लांब स्तोत्र घेतलं. मी दुकान बंद करून जेवून, वामकुक्षी करून आलो, तरी हा चालूच!

"अरे मिस्त्री," मी एकदा पत्र्यावर बुक्क्या मारून ओरडलो, "त्यापेक्षा एक सणसणीत शिवी घाल आणि मोकळा हो! माझ्या डोक्याची शंभर शकलं झाली!"

पलीकडून आवाज आला, "बंडू, गॅस्केट माहितेय ना तुला, इंजिनाच्या सांध्यात बसवतात ती? तूच विकतोस."

"बरं, मग?"

"वचन म्हणजे गॅस्केट. आतला दाब आतच राहतो रे. तो कुठे जात नाय. पण गळती नाय."

मी म्हटलं, मग तुझ्या गॅस्केटला आवाज का एवढा येतो? तर म्हणाला, नवीन आहे, बसायला वेळ लागतो.

एकदा गळती झाली. इंजिन उचलायच्या चेनपुलीचा हूक त्याच्या कपाळावर आपटला आणि वचन वेळेवर आलं नाही. त्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली, तसा हा उभा राहिला. मार्थाबाईंनी सदरा ओढला, पण ऐकतो कसला. "प्रभूची क्षमा मागतो," म्हणाला, "या आठवड्यात अर्धी शिवी गेली." पाळकसाहेब भला माणूस, नवा होता, त्याने सहज विचारलं, "अर्धी म्हणजे?" मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणाला, "आईपर्यंत गेली. पुढची गिळली." चर्चमधले सगळे हसू दाबून गाण्याच्या पुस्तकात तोंड खुपसून बसले, असं मार्थाबाईंनी मला सांगितलं, आणि सांगताना त्यांनीही पदर तोंडात खुपसला होता.

शिमगा आला, तेव्हा तर मी हातच टेकले. आमच्या कोकणात शिमग्याला बोंब मारायची आणि शिव्या द्यायची मुभा असते. वर्षभराचं सगळं तिथे होळीभोवती ओकायचं आणि स्वच्छ व्हायचं. आमच्या वाडीच्या होळीला मिस्त्री ख्रिश्चन असूनही मानाचा पाहुणा असायचा. पोरं वर्षभर त्याची वाट बघायची. मी त्याला हात धरून नेलं. म्हटलं, इथे पाप लागत नाही, इथे सुट्टी असते. होळी पेटली, पोरांनी बोंब ठोकली, सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचे स्नायू नाचत होते. पाय ठेका धरत होता. उपाशी माणसाला सुरमईच्या तळणीजवळ बांधून ठेवावं तसा दिसत होता. मग त्याने ओंजळभर बत्तासे एकदम तोंडात कोंबले आणि होळी निवेपर्यंत चघळत राहिला.

"अरे, मुभा होती ना?" परत येताना मी वैतागून म्हटलं.

"मुभा होळीला असते, बंडू. माझ्या तोंडाला नाय. आज मुभा म्हणून शिवी दिली असती, तर उद्या सकाळी तिने विचारलं असतं, काल मी चालले, मग आज काय झालं?"

हे सगळं एकवेळ मी सोसलं असतं. पण इंजिनं चालू होईनात!

त्याच्या हाताला शिवीचं माप बसलेलं होतं. आता तो स्क्रू सैल करायचा, एक ओळ म्हणायचा, संपली की सवयीने आवळायचा, हवा आतच. मेंढपाळ म्हटला, तरी लवकर संपायचा. लांब स्तोत्र घेतलं तर अर्धं डिझेल सांडून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, जायचं. वाकून बुडबुडे बघ म्हटलं, तर चाळिशी लागलेली, अंधाऱ्या इंजिनखोलीत त्याला ते दिसायचे नाहीत. तांडेलांनी त्यातून आपला निष्कर्ष काढला. शिवी गेली, विद्या गेली. एकेक जण दुसऱ्या मिस्त्रीकडे वळला. माझंही नुकसान, कारण तिकडे शेजारी दुसऱ्याचं दुकान होतं. मी मिस्त्रीला समजावलं, रागावलो, दोन दिवस बोललो नाही. बोललो नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही, ते वेगळं.

नारळी पौर्णिमा झाली आणि महादू तांडेल बोट घेऊन आला. एकटा तोच राहिला होता. मिस्त्रीने तीन वेळा हँडल मारलं. इंजिन खोकून गप्प. बाकीच्या बोटी एकेक करून बंदराबाहेर पडत होत्या. महादूने डोक्यावरची टोपी काढली.

"मिस्तरी, यकच घाला."

"नाय महादू."

"लान घाला. हळू घाला. कानात सांगा इंजिनाच्या. आमी सगळे तोंड फिरवून बसतो. तुमच्या देवाला काय दिसतंय हितं आत काळोखात?"

मीही वाकून आत डोकावलो होतो. खरं सांगतो, मलाही वाटत होतं, घाल बाबा. एवढ्या वर्षांचा धंदा जातोय, घाल. मिस्त्रीचा घाम हनुवटीवरून इंजिनावर टपटपत होता. ओठ हलले. महादूचा चेहरा उजळला.

"महादू," मिस्त्री म्हणाला, "शेवटची शिवी मी इंजिनाला म्हणून काढली आणि ती माझ्या पोराला लागली. तेव्हापासून घरात त्याच्या ताटावर कोण बसत नाय. आता तू सांग, घालू?"

महादूने टोपी परत डोक्यावर ठेवली. बोट तिथेच नांगरून खलाशी घेऊन एसटीने नाट्याला गेला.

त्या रात्री मिस्त्रीच्या घरी काय झालं ते मार्थाबाईंनी मला नंतर सांगितलं. हा माणूस बायबल मांडीवर घेऊन, हाताने पंप मारल्यासारखं करत, एकेक उतारा म्हणून बघत होता. हा लवकर संपतो, हा लांबतो, यात मध्येच श्वास घ्यावा लागतो. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, हे घ्या. हे पान कोणी वाचत नाय, सगळे उलटून पुढे जातात." ती होती प्रभूची वंशावळ. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, अशी नुसती बापलेकांची नावं.

सकाळी मी दुकान उघडतो तर पत्र्यापलीकडे, बोटीतून, मिस्त्रीचा आवाज. "अब्राहामाला इसहाक झाला! इसहाकाला याकोब झाला! याकोबाला यहूदा झाला!" प्रत्येक नावाला पंपाचा एक दट्ट्या. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, संपलं, आता डोक्यावर परिणाम झाला. पेरेस, हेस्रोन, अम्मीनादाब, बवाज, अशी एकाहून एक नावं कोसळत होती. "ओबेदाला इशाय झाला! इशायाला दावीद झाला!" स्क्रू आवळला, हँडल फिरलं, आणि महादूच्या बोटीने असा काही हंबरडा फोडला की माझ्या दुकानातल्या खिळ्यांच्या बरण्या थरथरल्या.

बरोबर दावीदापर्यंत. ना एक नाव कमी, ना एक जास्त.

तांडेल परत आले. येणारच! पण माझं दुःख संपलं नाही, कारण आता दिवसातून पाच-सहा वेळा मला तीच वंशावळ ऐकावी लागायची. मला आमच्या स्वतःच्या घरातली पणजोबांपलीकडची नावं ठाऊक नाहीत, पण नहशोनाचा मुलगा कोण ते झोपेतून उठवून विचारा. मी एकदा त्याला म्हटलं, "मिस्त्री, पुढची नावं तरी म्हण. तेवढाच बदल."

"इंजिन दावीदाला चालू होतं," तो म्हणाला. "पुढची मी राखून ठेवलीत."

"कोणासाठी?"

तो फडक्याने हात पुसत राहिला.

त्याच्याकडे फोन नव्हता. शिमोन जगातल्या कुठल्या कुठल्या बंदरांतून माझ्या दुकानात फोन करायचा, आईशी बोलायला. मार्थाबाई धावत यायच्या. मिस्त्री दाराबाहेर एक फिल्टर धूत बसायचा. तोच फिल्टर. तो फिल्टर धुवून धुवून चाळणी झाला असेल. मी रिसीव्हर त्याच्यापुढे धरायचो, खुणा करायचो, दात-ओठ खायचो. तो मान हलवायचा.

"अरे, पोटचा पोरगा आहे, दोन शब्द बोल!"

"तोंडाचा भरवसा नाय अजून," म्हणायचा. "गॅस्केट बसू दे."

असा माणूस! इंजिनाशी दिवसभर बोलेल, मुलाशी नाही.

बरीच वर्षं गेली. खिशात मोबाईल आले, मिस्त्रीच्या दाढीत पांढरं आलं. मग एका पावसाळ्याआधी शिमोन आला. जहाज सोडून, सामानसुमान घेऊन, कायमचा. रिक्षातून उतरला आणि घरी न जाता थेट वर्कशॉपमध्ये शिरला. मिस्त्री महादूच्या बोटीचं इंजिन चेनपुलीवर टांगून खालून बघत होता. महादू तिथेच टायरच्या ट्यूबवर बसून विडी ओढत होता. मी दुकानाच्या बाहेर आलो. मार्थाबाईंना कोणी सांगितलं कोण जाणे, त्याही धापा टाकत पोचल्या.

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी शिमोनने, हाताला काहीतरी काम हवं म्हणून, चेनपुलीची साखळी धरली. "थांबा बाबा, मी खाली घेतो."

जहाजावरच्या पुल्या वेगळ्या असाव्यात. साखळी सुटली. इंजिन फूटभर खाली आलं आणि त्याचा कोपरा मिस्त्रीच्या पायाच्या बोटांवर बसला.

महादूची विडी ओठांवर चिकटून राहिली. शिमोनचा चेहरा त्या संध्याकाळी होता तसाच झाला, मार खायला तयार. मिस्त्रीचा रंग आधी लाल, मग जांभळा, मग मला नाव ठाऊक नाही असा झाला. मान फुगली. शीर सुतळीएवढी नाही, दोरखंडाएवढी झाली. घशातलं ते जुनं बिऱ्हाड भांडीकुंडी घेऊन दाराशी आलेलं मला स्पष्ट दिसलं. तोंड उघडलं.

"अब्राहामाला," मिस्त्री गर्जला, "इसहाक झाला!"

मार्थाबाईंनी डोळे मिटले.

"इसहाकाला याकोब झाला! याकोबाला यहूदा झाला!" महादू आणि मी धावत जाऊन इंजिन वर उचललं, पाय सोडवला. तो थांबला नाही. एका पायावर उभा राहून, मुलाच्या डोळ्यांत बघत, नावामागून नाव. दावीद आला. आम्हाला वाटलं, संपलं. तो पुढे गेला. राखून ठेवलेली सगळी काढली. शलमोन, रहबाम, आम्ही कधी न ऐकलेले राजे, बाबेलला कैद होऊन गेलेले, तिथे जन्मलेले. आवाज उतरत उतरत बोलण्यासारखा झाला. योसेफाशी आला, प्रभूच्या जन्माशी आला, तिथे क्षणभर डोळे मिटून थांबला. आणि मग बायबलात नसलेलं, अगदी हळू म्हणाला,

"सखारामाला लूकस झाला. लूकसाला पावलस झाला. पावलसाला शिमोन झाला."

मग खाली बसला. "आता तो पाना दे इकडे," म्हणाला, "आणि आई, याला कोणीतरी जेवायला वाढा. पाय माझा मोडलाय, याचं तोंड का उतरलंय?"

त्या 'आई'ने मी दचकलो. पण ती आई होती मार्थाबाई, मुलाची आई, आणि पुढे काहीही नव्हतं. गॅस्केट बसली होती.

पुढची तीन-चार वर्षं पत्र्यापलीकडून मला दोन आवाज ऐकावे लागले, हे निराळं सांगायला नको. दोघे मिळून भांडायचे तेही वचनांनी. एक म्हणायचा असं लिहिलंय, दुसरा म्हणायचा तसंही लिहिलंय. मी कापूस घालून हिशेब करायचो.

मग एका आषाढात मिस्त्री गेला. झोपेत, काही न बोलता, म्हणजे त्याच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध. दफनाला आख्खं बंदर आलं होतं. जांभ्या दगडात खड्डा खणताना खणणाऱ्याची पहार सटकली आणि त्याच्या नडगीवर बसली; त्याने तोंड उघडलं, आजूबाजूला पाहिलं, आणि मिटलं. मिस्त्री असता तर त्याला एखादं वचन काढून दिलं असतं.

नारळी पौर्णिमा झाली. महादू तांडेल बोट घेऊन आला. शिमोन इंजिनखोलीत उतरला. मी धक्क्यावर उभा होतो. उगाच. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. स्क्रू सैल झाल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पंपावर हात, पण तोंडातून शब्द फुटेना. मग महादूनेच खाली वाकून सुरुवात केली, आयुष्यात कधी चर्चची पायरी न चढलेल्या, दर्यावर्दी खारव्याच्या खणखणीत आवाजात: "अब्राहामाला इसाक झाला." मागोमाग खलाशी, हात जोडून, एका सुरात. इतकी वर्षं ऐकून सगळ्यांना पाठ. बवाजाला त्यांनी बबाज केलं आणि अम्मीनादाबाचं काय केलं ते सांगवत नाही. मीही म्हणत होतो. काय करणार, तोंडाला बसलंय.

दावीदाला शिमोनने स्क्रू आवळला. हँडल फिरलं. इंजिन चालू.

आता बंदरात अशी पक्की समजूत आहे की दावीदापर्यंत इंजिन चालू झालं नाही, तर नवीनच घ्यावं लागतं. मी कोणाला बुडबुड्यांचं खरं कारण सांगत नाही. सांगून उपयोग काय?

चाचणीसाठी शिमोन बोटीवरच राहिला. खलाशी गप्प झाले, दोर सुटले. महादूने सुकाणूवरून ओरडून सांगितलं, "चालू झालं रे पोरा, बस आता!" पण शिमोन मागच्या बाजूला, हँडलवर हात ठेवून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. बोट धक्का सोडून लांब गेली, ऐकू येणं बंद झालं, तरी हलतच होते. तो शेवटी कुठल्या नावाशी येऊन थांबणार, ते मला ठाऊक होतं. मी तिथेच, डोक्यावर ऊन घेत, तो त्या नावाशी पोचेपर्यंत उभा राहिलो.